मागचं चाक घासत होतं

फोन दादाच्याच नंबरावरून आला, म्हणून उचलल्याबरोबर मी "कुठपर्यंत आलास?" असं विचारलं. पलीकडचा आवाज अनोळखी होता. "ताई, ह्या फोनात 'धाकटी' म्हणून नंबर हाय, सगळ्यात वर हाय, म्हणून लावला. हितं शेळगावच्या अलीकडं एक जण लिंबाखाली बसल्यात. निळी सायकल हाय संगं. हाक मारली तर ओ देईनात..." मी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि मगच विचारलं, श्वास चालू आहे का. तो म्हणाला, "तुमी यावा ताई. लौकर यावा." त्याच्या त्या 'लौकर'मध्ये मला सगळं कळलं होतं. तरी इंदापुरातून शेजाऱ्यांच्या गाडीत बसून निघाले ती शेळगाव येईपर्यंत त्या बिचाऱ्यांना एकच सांगत राहिले, की उपाशीपोटी निघाला असेल, चक्कर आली असेल. दादा लिंबाच्या बुंध्याला टेकून बसला होता. सायकल नीट स्टँडवर लावलेली, बूट काढून शेजारी शेजारी ठेवलेले, पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट बसवलेलं. काहीतरी होतंय हे कळल्यावरही त्यानं आधी सगळं जागच्या जागी ठेवलं आणि मग बसला. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं.

त्याला आता पाच आठवडे होतील. दहावा झाला, तेरावं झालं, भेटायला येणारे कमी झाले. मी शाळेत जाते, वह्या तपासते, घरी येऊन आडवी होते. झोप लागते, पण उठल्यावर विश्रांती मिळाल्यासारखं वाटत नाही. आपल्या माणसाच्या माघारी त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे, आणि दादाविषयी ते लिहायला मला मुळीच कष्ट पडणार नाहीत. पण चांगल्या शब्दांच्या आधी एक गोष्ट सांगून टाकायची आहे. दादाचं एक गुपित मला माहीत होतं आणि ते मी त्याच्या बायकोपासून, म्हणजे माझ्या वहिनीपासून, लपवून ठेवलं. ते लपवलं नसतं तर त्या रविवारी तो सायकलवर नसता, घरी असता, आणि घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. पाच आठवडे मी हेच चघळते आहे.

दादाचं नाव मारुती. बारामतीच्या एमआयडीसीत त्याला सगळे मारुती मिस्त्री म्हणत. आमचं घराणं मेंढरामागचं. आजोबा पावसाळा सरला की कळप घेऊन निघत ते पुढच्या पावसालाच शेळगावला परत येत. वडिलांनी कळप मोडला, विहीर पाडली आणि शेती धरली. दादा आयटीआय करून एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागला. टूलरूम म्हणजे जिथं साचे आणि हत्यारं बनतात, जिथं केसाच्या जाडीएवढाही फरक चालत नाही. शिकाऊ पोरांना तो एकच सांगायचा, "बूड साफ तर काम साफ." म्हणजे एखादा भाग यंत्रावर बसवायचा तर आधी तो ज्या जागेवर टेकणार ती जागा बघा. तिथं कचरा असेल, रंग असेल, तर वर कितीही आवळा, काम वाकडंच होणार. त्याचा हात असा होता की कानशीनं घासलेल्या लोखंडावर बोट फिरवून तो म्हणायचा, "अजून दोन हात फिरायला पायजेत," आणि मोजल्यावर बरोब्बर तेवढंच निघायचं. घरी मात्र या हाताचं कौतुक कुणाला नव्हतं. वहिनी म्हणायच्या, "लोखंडाला गोंजारत्यात, माणसाला न्हाय."

मी दहावी झाले तेव्हा पुढच्या शिक्षणाला इंदापूरला जावं लागणार होतं. एसटीचा भरवसा नव्हता, आणि वडिलांना तेवढं कारण पुरेसं होतं. दादानं नोकरीच्या पहिल्याच वर्षात एक जुनी लेडीज सायकल आणून दारात उभी केली. वडील म्हणाले, "पोरगी पडली बिडली रस्त्यात तर?" दादा म्हणाला, "ब्रेक मी लावतो. पडली तर मला इचारा." आणि खरंच, दर आठवड्याच्या सुट्टीला तो बारामतीहून शेळगावला यायचा, आल्या आल्या चप्पलही न काढता माझ्या सायकलचं चाक उचलून फिरवायचा, ब्रेक दाबून बघायचा आणि मगच आईला हाक मारायचा. मी दोन वर्षं त्या रस्त्यानं गेले आले. पडले नाही. आज मी मास्तरीण आहे, माझ्या नावावर घर आहे, ते त्या सायकलमुळे. हे मी त्याला कधी तोंडावर बोलले नाही, कारण आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं सायकल बांधायला घेतली. विकत घेतली नाही, बांधायला घेतली. लांबच्या प्रवासाची, मागंपुढं पिशव्या लावता येतील अशी, दणकट. लोखंडी चौकट पुण्याहून मागवली, चाकं आणखी कुठून, आणि ब्रेक कुरिअरनं आले. ब्रेकही साधे नव्हते, डिस्कचे. चाकाच्या मध्यभागी पोलादाची पातळ चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. बारामतीहून माझ्याकडं इंदापूरला, तिथून पळसदेवला उजनीच्या काठानं, मग सोलापूर, आणि जमलं तर विजापूरचा गोलघुमट, असा त्याचा बेत होता. "आजा मेंढरामागं फिरला तेवढं तरी मला बघू दे," म्हणायचा. वहिनी एकेक पार्सल सोडवताना बघायच्या आणि मला फोनवर सांगायच्या, "वन्सं, माझ्या पाटल्यांना डबी न्हाय, आन् ह्या नटबोल्टांना मखमलीची पिशवी." चौकट कोऱ्या लोखंडाची होती. ती गंजू नये म्हणून त्यानं स्वतः ब्रशनं रंगवली, ट्रॅक्टरच्या निळ्या रंगात, तीन थर. सायकल उभी राहिली, देखणी झाली, आणि पहिल्यांदा चाक फिरवलं तेव्हा मागून आवाज आला. स्स्स्... स्स्स्... चकती कॅलिपरच्या पॅडला, म्हणजे ब्रेकच्या आतल्या गुटक्याला, घासत होती.

हे घासणं बंद करायची रीत अवघड नाही, हे आता मलाही माहीत आहे. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक दाबून धरायचा म्हणजे कॅलिपर आपसूक चकतीच्या मधोमध येतो, आणि ब्रेक तसाच धरून बोल्ट आवळायचे. दादानं त्यात आपली अक्कल घातली होती. चकतीच्या दोन्ही अंगांना सारखी फट राहावी म्हणून तो पॅड आणि चकती यांच्यामध्ये लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या पट्ट्या सरकवायचा आणि आवळून झाल्यावर ओढून काढायचा. आमच्या भागात लग्नसराईत घरटी पिशवीभर पत्रिका जमतात, त्यांचा असा उपयोग कुणी केला नसेल. वहिनींचं म्हणणं एवढंच, की गणपती तेवढा सोडून कापा. पण पट्ट्या संपत आल्या तरी आवाज जाईना. बोल्ट सैल असेपर्यंत कॅलिपर सरळ, आवळला की वाकडा. दादा ओसरीत स्टूल टाकून दिवस दिवस तेच करत बसायचा. दिवाळीनंतर निघणार होता, ते राहिलं. म्हणाला, आवाज गेला की निघतो. मग म्हणाला, संक्रांतीच्या आधी.

मला त्या सायकलचा राग यायला लागला होता, हेही लिहून टाकते. मी बारामतीला जायची ती दादाशी दोन गोष्टी बोलायला, आणि तो पाठमोरा. एकदा मी वैतागून म्हटलं, "घासतंय तर घासू दे की. थोडं चालवलंस की आपोआप जागा होईल. चालतंय तेवढं." तो वळला सुद्धा नाही. "तुझ्या पोरांचं उत्तर चुकलं की चालतंय म्हणून मार्क देतीस का?" मी पर्स उचलली आणि एसटी गाठली. मग जवळजवळ महिनाभर आमचा फोन नाही. एवढ्याशा आवाजावरून भावाशी अबोला धरला, साठीला आलेली बाई मी. आता तो महिना परत मागायचा म्हटलं तरी कुणाकडं मागणार.

शेवटी त्यानंच बोलावलं. "गुरुवारी सुट्टी टाक आन् ये." गेले तर वहिनी बाजाराला गेलेल्या. तो वार त्यानं मुद्दाम निवडला होता. सायकल ओसरीत, मागचं चाक काढून ठेवलेलं, बाजूला कानस आणि पॉलिश पेपर. त्यानं उजवा हात माझ्यापुढं धरला. अंगठा आणि पहिलं बोट सारखं हलत होतं, ताटातले तांदूळ निवडताना हलतात तसं. मला वाटलं तो काहीतरी खूण करतोय. "दीड वर्स झालं," तो म्हणाला. "पुण्याला दाखवून आलोय, कंपवात म्हणले. पेन्शनच्या कामाला जातो म्हणून गेलो. गोळ्या चालू हायत, व्हिटॅमिनच्या डबीत ठेवतो." मी विचारलं, "आणि हे चाक?"

"चूक मला पहिल्याच दिवशी कळली, शाले. जितं कॅलिपर टेकतो तितं रंग लागलाय. थर बसलाय. बूड साफ न्हाय."

"मग खरवडायचा रंग."

"कशानं? ह्या हातानं? रंगवताना ती जागा झाकाय म्हणून चिकटपट्टी लावली व्हती. तीच वाकडी बसली. मग ब्रश बी घसरला."

"दुकानात न्यायचीस ना सायकल."

"आन् काय सांगायचं? मारुती मिस्त्रीला कॅलिपर बसवता येईना?"

म्हणजे इतके महिने तो जे करत बसला होता त्याचा उपयोग होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी रोज स्टूल टाकून बसत होता, कारण बसला नाही तर वहिनी विचारतील की अडलंय कुठं. मी साडीचा पदर खोचला आणि खाली बसले. आयुष्यात हातात कानस धरली नव्हती. तो स्टुलावर बसला, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि सांगत राहिला. दाबू नगंस, नुसती सरकव. एकाच अंगानं, मागं ओढू नगंस. फुंकर मार. बोट फिरव, टोचतंय का? मी म्हटलं नाही टोचत. तो म्हणाला, "टोचतंय, डाव्या कडेला, परत बघ." आणि होतं, डाव्या कडेला कणभर निळं राहिलं होतं. त्यानं हात लावला नव्हता, नुसतं माझं बोट कसं सरकलं ते बघितलं होतं. कॅलिपरच्या दोन्ही बोल्टांच्या जागी पांढरं लोखंड चमकायला लागलं तसं मी त्यावर तेलाचा नावापुरता हात फिरवला, त्याच्या सांगण्यावरून चाक बसवलं, सायकल जमिनीवर उभी करून वरून दाबली, म्हणजे चाक खाचेत पुरतं बसलं. पट्ट्या घातल्या. ब्रेक त्यानं डाव्या हातानं दाबून धरला आणि बोल्ट मी आवळले, एकदा हा, एकदा तो, थोडा थोडा. पट्ट्या ओढून काढल्या. चाक फिरवलं... काही नाही. मागच्या दातेरी चक्राची टिकटिक तेवढी, बाकी काही नाही. त्यानं मला तीनदा फिरवायला लावलं. मग म्हणाला, "येळ लागला तुला. पण काम साफ झालं." मला आजवर मिळालेल्या शेऱ्यांत याहून मोठा शेरा नाही.

आवराआवर करताना त्यानं माझ्याकडून शब्द मागितला. "तुझ्या वहिनीला सांगू नगंस. तिला कळलं तर ती मला पायऱ्या सुदिक एकट्याला उतरू द्यायची न्हाय. सायकल अडगळीत जाईल." मी विचारलं, असल्या हातानं ब्रेक कसा लावशील? तो म्हणाला, "मागचा ब्रेक डाव्या हाताला घेतलाय. डावा अजून माझा हाय." मी कबूल झाले. का झाले, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्यानं मला रस्त्यावर जाऊ दिलं होतं, मी त्याला कशी अडवणार, हे एक. आणि दुसरं सांगायला लाज वाटते. सगळ्या घरात हे एकट्या मला ठाऊक आहे, याचा मला थोडा अभिमान वाटला होता.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी दुपारी तो इंदापूरला माझ्या दारात आला. वर येण्याआधी खिडकीखाली उभा राहून त्यानं सायकल हातानं पुढं ढकलली, मागं घेतली, परत पुढं ढकलली. मला ऐकवत होता. पिशवीत ओल्या हरभऱ्याच्या पेंढ्या होत्या, एक कोबीचा गड्डा होता. तीन भाकरी खाल्ल्या आणि हॉलमध्ये जमिनीवर आडवा झाला तो संध्याकाळपर्यंत. मुक्कामाला शेळगावच्या घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी बारामतीला. पुढच्या महिन्यात परत आला, तेव्हा आम्ही पुढच्या खेपेला पळसदेवला जायचा बेत केला. तो सायकलवर आणि मी एसटीनं. तिसऱ्या खेपेला तो निघाला आणि पोचला नाही.

डॉक्टर म्हणाले, हाताच्या दुखण्याचा आणि याचा संबंध नाही, हे कुठंही होऊ शकलं असतं. ऐकायला बरं वाटलं, पण पटलं नाही. तेरा दिवसांत वहिनींनी मला एक शब्द विचारला नाही. आल्या-गेल्याचं करत होत्या, पाहुण्यांच्या पायांशी पाणी ठेवत होत्या. मी त्यांच्या समोरून जाताना मान खाली घालायची. त्यांना वाटलं असेल, नणंद दुःखात आहे. दुःखात होतेच. पण त्यांच्या दुःखात माझा किती वाटा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तेच मला जेवू देत नव्हतं.

मागच्या रविवारी मी बारामतीला गेले, सांगून टाकायला. वहिनी एकट्याच होत्या, ओट्याशी चहा करत होत्या. मी बसलेच नाही. उभ्या उभ्या सांगितलं. दादाचा हात हलत होता, मला माहीत होतं, तो ब्रेकही मीच बसवून दिला, त्यानं सांगू नको म्हटलं आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्याला जाऊ दिलं नसतंत. वहिनी पाठमोऱ्या होत्या. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, मग चहा गाळून दोन कप माझ्यापुढं ठेवले.

"कप बघा, वन्सं."

मी बघितलं. दोन्ही कप अर्धे होते.

"दोन वर्सं झाली. ह्या घरात मी कुणालाच भरून कप दिला न्हाय. त्यांना एकट्याला अर्धा दिला असता तर त्यांच्या ध्यानात आलं असतं. म्हणून समद्यांनाच अर्धा. भरलेला कप त्यांच्या हातात हिंदकळायचा, आन् मग ते चहाच नको म्हणायचे." पदरानं त्यांनी ओटा पुसला, जिथं काही सांडलं नव्हतं. "त्यांच्या आधी मला कळलं व्हतं. शेजारणी म्हणायच्या, पगार थांबला तसा बाईनं हात आखडला. म्हणू दे म्हणलं." मीही एकदा परतीच्या एसटीत बसून तेच मनाशी म्हटलं होतं, की वहिनी आता चहासुद्धा मोजून देतात. ते मी त्यांना सांगितलं नाही.

मी विचारलं, "मग तुम्ही अडवलं का नाही त्याला?"

"अडवून काय केलं असतं? खुर्चीत बसवून तोंडाकडं बघत बसली असती?" त्या पहिल्यांदाच खाली बसल्या. "ते निघाले की वळणावर दिसंनासे होईस्तोवर दारात उभी राहायची. पण परत आल्यावर जेवायचे, वन्सं. मागून घेऊन जेवायचे. तसं जेवलेले मी किती दिसांत बघितले नव्हते..." मग म्हणाल्या, "तुमी मला सांगितलं न्हाय, मी त्यांना सांगितलं न्हाय, त्यांनी मला सांगितलं न्हाय. बरं झालं. त्यांना वाटत राहिलं, आपला हात हिनं बघितला न्हाय."

मला रडू आलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा नीट आलं. वहिनींनी रडू दिलं. थोड्या वेळानं मी डोळे पुसले, पातेल्यात चहा उरला होता तिकडं बघून म्हटलं, "वहिनी, आता भरून द्या की." त्यांनी पातेलं उचललं आणि माझ्या कपावर तिरपं केलं. चहा अर्ध्याच्या जरासा वर आला आणि त्यांचा हात थांबला. पुन्हा एकदा तिरपं केलं. पुन्हा थांबला.

"हुईना," म्हणाल्या.

आम्ही दोघींनी अर्धा अर्धा चहा घेतला. पातेल्यातला तसाच राहिला.